हृदयातील चेतापेशी आणि पोटॅशियमचे चॅनेल : एकच रसायन इथे दार लावते, तिथे उघडते

शेवंती (धागाकर्ती)

वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारत असे : मेंदूकडून निघालेला व्हेगस मज्जातंतू हृदयापाशी येऊन नेमका कोठे संपतो? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असे, की तो हृदयाची लय ठरवणाऱ्या सायनस नोडवर संपतो. हे उत्तर चुकीचे आहे आणि ते चुकीचे का, हे दाखवायला त्या काळी एक बेडूक, ठोक्यांचा आलेख काढणारा एक फिरता ड्रम आणि निकोटिनचे दोन थेंब पुरत असत.

धुराने काळा केलेला कागद ड्रमवर गुंडाळून ज्यांनी हे प्रात्यक्षिक केले आहे, त्यांना ते आठवत असेल. बेडकाच्या व्हेगसला विजेचे हलके धक्के दिले की हृदय थांबते. शिरा जिथे अलिंदाला (हृदयाच्या वरच्या कप्प्याला) मिळतात त्या सांध्यावर चंद्रकोरीसारखी एक पांढरी रेषा दिसते, तिला धक्के दिले तरीही हृदय थांबते. मग हृदयावर निकोटिन सोडायचे आणि पुन्हा तेच करायचे. आता व्हेगसला कितीही धक्के दिले तरी हृदय आपल्या चालीने चालत राहते, पण चंद्रकोरीला धक्का दिला की थांबते! शेवटी अ‍ॅट्रोपिन हे व्हेगसचा हृदयावरचा परिणाम अडवणारे औषध सोडले की दोन्हींचा परिणाम नाहीसा होतो. याचा अर्थ इतकाच निघतो, की व्हेगस आणि सायनस यांच्या मध्ये आणखी एक टप्पा आहे, निकोटिन तो टप्पा बंद पाडते आणि चंद्रकोर त्या टप्प्याच्या पलीकडे आहे. तो टप्पा म्हणजे हृदयावरच बसलेल्या चेतापेशी. बेडकाच्या हृदयात त्या रॉबर्ट रेमाक यांनी १८४४ सालीच पाहिल्या होत्या. माणसात त्या मुख्यत्वे अलिंदांच्या बाहेरच्या चरबीत, लहान लहान गुच्छिकांमध्ये असतात. लिथुआनियातील शरीररचनाशास्त्रज्ञांनी २००० साली केलेल्या मोजणीत एका मानवी हृदयावर सरासरी आठशेहून अधिक गुच्छिका आणि सुमारे ४३,००० चेतापेशी आढळल्या.

आता मूळ विषयाकडे येते. (पेशीच्या आवरणात, म्हणजे पेशीपटलात, आयनांना (विद्युतभारित अणूंना) ये-जा करू देणारे दारासारखे रेणू असतात. ग्रंथांत या रेणूंना ‘आयन वाहिनी’ म्हटलेले आढळते, पण हृदयाविषयी बोलताना वाहिनी म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे रक्तवाहिनीच येते, म्हणून मी सरळ ‘चॅनेल’ म्हणणार आहे.)

पेशीच्या आत पोटॅशियम दर लिटरला सुमारे १४० मिलिमोल असते आणि बाहेर, रक्तात, अवघे ४. पेशीपटलातले पोटॅशियमचे चॅनेल उघडले की धनभारित पोटॅशियम बाहेर पडते आणि आतली बाजू ऋण होत जाते. केवळ पोटॅशियमलाच मोकळीक असती, तर हा विद्युतदाब गणिताने उणे ९४ मिलिव्होल्टच्या आसपास येऊन स्थिरावला असता. चेतापेशी पेटण्यासाठी तिचा आतला दाब शून्याच्या दिशेने वर यावा लागतो, म्हणून पोटॅशियमचा उघडा चॅनेल हा कोणत्याही चेतापेशीचा ब्रेक असतो, हे एक सूत्र लक्षात ठेवले तरी पुढचे सगळे समजते.

हृदयातील चेतापेशींमध्ये असे ब्रेक अनेक आहेत. काही चॅनेल प्रत्येक स्पंदानंतर (चेतापेशीतल्या विद्युत-लहरीनंतर) क्षणभर उघडून पेशीला पूर्वपदावर आणतात. काही आत शिरलेल्या कॅल्शियममुळे उघडतात आणि पुढचे स्पंद लांबवतात. माझा सर्वांत आवडता ब्रेक मात्र ‘एम प्रवाहा’चा आहे. डेव्हिड ब्राऊन आणि पॉल अ‍ॅडम्स यांनी १९८० मध्ये तो बेडकाच्या अनुकंपी (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेच्या) गुच्छिकेतल्या चेतापेशींत शोधला आणि पुढे उंदरांच्या हृदयातील चेतापेशींतही तो आढळला. हा चॅनेल सावकाश उघडतो आणि आपणहून मिटत नाही. पेशी थोडी उत्तेजित झाली की तो अधिक उघडतो आणि तिला मागे खेचतो. त्यामुळे पेशीला वरून सलग चेतना मिळाली तरी ती एखाददुसरा स्पंद देऊन गप्प बसते. एम हे नाव ‘मस्कारिनी’ शब्दावरून आले, कारण अ‍ॅसिटिलकोलीन हे चेतापेशींचे निरोप्या रसायन त्याच्या मस्कारिनी ग्राहीवर (ते रसायन ओळखणाऱ्या, पेशीपटलावरच्या प्रथिनावर) बसले की हा प्रवाह बंद होतो.

खरी गंमत इथे सुरू होते. व्हेगसच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटते. हृदयातील चेतापेशीवर ते आधी निकोटिनी या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींमार्फत झटपट ठिणगी टाकते आणि मग एम-१ प्रकारच्या मस्कारिनी ग्राहीमार्फत पोटॅशियमचा चॅनेल मिटवून ब्रेक सैल करते. पेशी जोमाने पेटू लागते. तिचे स्वतःचे टोक सायनस नोडवर असते आणि त्या टोकातूनही अ‍ॅसिटिलकोलीनच सुटते. पण तिथे ते एम-२ ग्राहीवर बसून पोटॅशियमचा एक वेगळाच चॅनेल उघडते. नोडच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडते, तिचा दाब खाली जातो आणि पुढचा ठोका उशिरा पडतो. एकच रसायन, एकच आयन, मधले अंतर काही मिलिमीटर. एका ठिकाणी दार लागते, दुसऱ्या ठिकाणी उघडते आणि दोन्हींचा मिळून परिणाम एकच होतो, तो म्हणजे हृदय मंदावते.

पाठ्यपुस्तकांत यातला दुसरा भाग असतो, पहिला जवळजवळ कधीच नसतो. म्हणून हा धागा काढला आहे.

दुपारची_वेळ

शेवंतीताई, लेख दोनदा वाचला. ४३,००० चेतापेशी हा आकडा वाचून एक शंका आली. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘हृदयाला स्वतंत्र मेंदू असतो, म्हणून मनापासून घेतलेला निर्णय चुकत नाही’ असा संदेश वर्षातून दोनतीनदा तरी फिरतो. त्यामागे हाच शोध आहे काय?

शेवंती

त्याचे मूळ इथेच आहे, पण त्या संदेशाने शास्त्रापासून बरीच फारकत घेतली आहे. ‘हृदयावरचा छोटा मेंदू’ हा शब्दप्रयोग जे. अँड्र्यू आर्मर यांनी १९९१ च्या सुमारास रूढ केला. त्यांना म्हणायचे होते ते इतकेच, की या गुच्छिका म्हणजे नुसती जोडणीची पेटी नाही. त्यांच्यात हृदयाकडून माहिती घेणाऱ्या, आपापसांत बोलणाऱ्या आणि आज्ञा पोहोचवणाऱ्या अशा वेगवेगळ्या पेशी आहेत. हे मला मान्य आहे. पण डोक्यातल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि हृदयावरच्या पेशींना निर्णय, भावना किंवा स्मृती यांच्याशी काही देणेघेणे असल्याचा पुरावा नाही.

उलट दिशेचा एक चांगला पुरावा हृदयप्रत्यारोपणातून मिळतो. प्रत्यारोपणात दात्याच्या अलिंदांबरोबर त्यांवरच्या चेतापेशीही नव्या शरीरात येतात, मात्र व्हेगस कापलेला असतो. अशा रुग्णाच्या विश्रांतीच्या नाडीचे ठोके मिनिटाला ९० ते ११० असतात आणि अ‍ॅट्रोपिन दिले तरी ते फारसे वाढत नाहीत. म्हणजे पेशी जागेवर आहेत, परंतु वरून हुकूम नसल्यामुळे बहुतेक गप्प आहेत. त्यांना गप्प ठेवणाऱ्या कारणांमध्ये वर सांगितलेले पोटॅशियमचे ब्रेकही मोजले पाहिजेत. स्वतःचे मत असणारा मेंदू इतका आज्ञाधारक नसतो.

गणिती

मी अभियंता आहे, त्यामुळे माझा प्रश्न यंत्राच्या अंगाने आहे. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असतो, मग ज्या छिद्रातून मोठा पोटॅशियम जातो त्यातून लहान सोडियम का जात नाही? चाळणीचा नियम इथे उलटा कसा लागतो?

शेवंती

कारण ती चाळणी नाही. हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही कित्येक दशके छळत होता. पोटॅशियमच्या आयनाची त्रिज्या १.३३ अँगस्ट्रॉम आणि सोडियमची ०.९५, तरीही हे चॅनेल पोटॅशियमला हजारपटीहून अधिक पसंती देतात, आणि तेही एका चॅनेलमधून सेकंदाला जवळजवळ दहा कोटी आयन जाऊ शकतील इतक्या वेगाने.

पाण्यात प्रत्येक आयन पाण्याचे रेणू अंगाला लपेटून फिरत असतो. अरुंद भागात शिरताना त्याला ते उतरवावे लागतात आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. चॅनेलच्या सर्वांत अरुंद भागात भिंतीवर ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर ओळीने मांडलेले असतात, की पोटॅशियमला पाणी सोडले तरी सर्व बाजूंनी तसाच आधार मिळतो आणि त्याचा तोटा होत नाही. सोडियम लहान असल्यामुळे त्याचा सगळ्या ऑक्सिजनांशी एकाच वेळी संपर्क जुळत नाही. कासाराने मापापेक्षा मोठी बांगडी भरली तर ती हातात जाते, पण अंगाला लागत नाही, तसे होते. सोडियमला पाणी सोडणे परवडत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्स या जिवाणूतील चॅनेलची रचना क्ष-किरणांनी उलगडली, तेव्हा हे प्रत्यक्ष दिसले. त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जिवाणूपासून माणसाच्या हृदयापर्यंत हा अरुंद भाग जवळजवळ सारखाच आहे. बदलतात ती दारे, म्हणजे चॅनेल कशाने उघडावा आणि कशाने मिटावा हे ठरवणारे भाग.

कातळ

मी कोकणात तीस वर्षे दवाखाना चालवत आहे, म्हणून या धाग्यात एका प्राण्याला आणल्यावाचून राहवत नाही. तो म्हणजे आमच्याकडचा लाल विंचू, शास्त्रीय नाव होटेन्टोटा तामुलस. जुन्या ग्रंथांत तो ब्यूथस तामुलस किंवा मेसोब्यूथस तामुलस या नावांनी सापडेल.

त्याच्या दंशाने होणाऱ्या वेदनेपेक्षा पुढच्या काही तासांत जे होते ते भयंकर असते. आधी उलट्या, लाळ, दरदरून घाम, पुरुष रुग्णांत लिंगाचा वेदनादायक ताठरपणा. मग हातपाय थंडगार पडतात, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते आणि काही रुग्णांत फुप्फुसात पाणी भरते. शेवंतीताईंच्या भाषेत सांगायचे तर आधी परानुकंपी (विश्रांतीची, व्हेगस जिच्यात मोडतो ती) आणि पाठोपाठ अनुकंपी चेतासंस्था बेभान होते. विषातील काही प्रथिने सोडियमचे चॅनेल वेळेवर मिटू देत नाहीत, आणि काही पोटॅशियमचे चॅनेल बुजवतात. म्हणजे एकीकडे अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरलेला आणि दुसरीकडे ब्रेकच्या तारा कापलेल्या. चेतातंतूंच्या टोकांतून रसायनांचा पूर लोटतो आणि तो हृदयावर येऊन आदळतो.

१९७० च्या दशकात महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्री काढून हे सगळे टिपून ठेवले. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध त्यांनी या दंशावर वापरले आणि त्याविषयीचा त्यांचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर रुग्णांत शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने शेकडा एकदोनपर्यंत खाली आले. प्राझोसिन चॅनेलला हात लावत नाही. ते अनुकंपी रसायने रक्तवाहिन्यांच्या ज्या ग्राहींवर बसतात, ते ग्राही अडवते. पूर थांबवता येत नसेल तर निदान घरात पाणी शिरू द्यायचे नाही, असा तो विचार आहे. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतात, हेही बावस्करांनी २०११ मध्ये दाखवले.

आता या धाग्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये इबेरिओटॉक्सिन नावाचे ३७ अमिनो आम्लांचे एक प्रथिन वेगळे काढण्यात आले. कॅल्शियमने उघडणारे जे मोठ्या क्षमतेचे पोटॅशियमचे चॅनेल असतात, त्यांच्या तोंडात ते बुचासारखे बसते आणि इतर चॅनेलना फारसे छेडत नाही. त्यानंतर बारा वर्षांनी त्याच विषात टॅमापिन सापडले, ते त्याच कुळातल्या लहान क्षमतेच्या चॅनेलवर बसते. एखाद्या चेतापेशीत अनेक चॅनेलचे प्रवाह एकमेकांत मिसळलेले असताना त्यांतला नेमका कोणता कोणाचा, हे ओळखायला जगभरच्या प्रयोगशाळा हीच बुचे वापरतात. उंदराच्या हृदयातील चेतापेशींत मोठ्या क्षमतेचे चॅनेल आहेत हेही अशाच पद्धतींनी निश्चित झाले. आमच्याकडे कातळावरचा दगड उचलताना ज्याची धास्ती वाटते, त्याचे विष परदेशात मायक्रोग्रॅमच्या भावाने विकत घेतात, याचे मला अजून नवल वाटते.

शेवंती

कातळसाहेब, आपण लिहिले नसते तर मला लिहावे लागले असते आणि रुग्ण न पाहिलेल्या माणसाकडून ते इतके चांगले उतरले नसते. एक भर घालते. मॅकिनन यांनी रचना पाहण्याच्या कितीतरी आधी, छिद्र प्रथिनाच्या नेमक्या कोणत्या भागात असावे हे शोधताना चॅरिब्डोटॉक्सिन हे दुसऱ्या एका विंचवाचे विषच वापरले होते. बूच जिथे बसते तिथे तोंड असणार, इतका साधा तर्क होता तो.

नदीकाठ

मी विदर्भातला आहे, आमच्याकडे विंचवापेक्षा फवारणीची भीती मोठी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा मी त्याच भागात होतो. रुग्णालयात सगळ्यांना अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने सतत देत होते. ताईंच्या प्रात्यक्षिकातले अ‍ॅट्रोपिन ते हेच काय? आणि आणखी एक गोष्ट कळली नाही. काहींची नाडी मंद होती, तर काहींची धावत होती. विष एकच असताना असे का व्हावे?

कातळ

अ‍ॅट्रोपिन तेच. मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) निकामी करतात. सुटलेले अ‍ॅसिटिलकोलीन मग जागेवरच साचत जाते. सायनस नोडवर ते साचले की पोटॅशियमचे चॅनेल उघडेच राहतात आणि नाडी मंदावते. छातीत स्राव भरतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात.

पण हेच अ‍ॅसिटिलकोलीन अनुकंपी गुच्छिकांमध्येही निरोप्याचे काम करते, तिथे ते निकोटिनी ग्राहींवर बसते. तिथे साचले तर अनुकंपी चेतापेशी पेटतात आणि नाडी धावते. कोणत्या रुग्णात कोणते पारडे जड होईल, हे विषाच्या मात्रेवर आणि वेळेवर अवलंबून असते. म्हणून नाडी जलद आहे एवढ्यावरून विषबाधा नाही असे समजू नये, आणि नाडी जलद आहे म्हणून अ‍ॅट्रोपिन रोखूही नये. अ‍ॅट्रोपिनचा अंदाज छातीतली घरघर थांबली की नाही यावरून घ्यायचा असतो. ते फक्त मस्कारिनी ग्राही अडवते. निकोटिनी ग्राहींमुळे येणारा स्नायूंचा दुबळेपणा त्याने जात नाही, म्हणून श्वासावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

पाणवठा

अतिशय उपयुक्त चर्चा. पोटॅशियम हृदयाला शांत करते असे यावरून दिसते. मग ज्यांना धडधड होते त्यांनी रोज केळी आणि नारळपाणी घेतले तर हृदयातले चॅनेल अधिक चांगले काम करतील, असे म्हणता येईल ना?

शेवंती

नाही. हृदय मंदावते ते पोटॅशियम पेशीतून बाहेर पडल्यामुळे. रक्तात पोटॅशियम वाढले की नेमकी उलट अडचण होते. आतबाहेरचा फरक कमी होतो आणि पेशीचा दाब शून्याकडे सरकतो. बाहेरचे पोटॅशियम ४ वरून १६ केले तर पोटॅशियमचा समतोल उणे ९४ वरून सुमारे उणे ५७ मिलिव्होल्टवर येतो. तिथे सोडियमचे चॅनेल मिटून अडकून पडतात आणि हृदय स्तब्ध होते. हा आकडा मी उगाच निवडलेला नाही. हृदयावरच्या शस्त्रक्रियेत हृदय थांबवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेंट थॉमस द्रावणात पोटॅशियम इतकेच असते.

मूत्रपिंडे धडधाकट असतील तर केळ्याने रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढत नाही, कारण जास्तीचे ती बाहेर टाकतात. ज्यांची मूत्रपिंडे मंदावली आहेत, किंवा ज्यांना स्पायरोनोलॅक्टोनसारखी, पोटॅशियम शरीरात राखणारी औषधे चालू आहेत, त्यांनी नारळपाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. धडधडीचे कारण काय, हे ईसीजीशिवाय कळत नाही.

गणिती

माझ्या आतेभावाला ‘लाँग क्यूटी’ या हृदयाच्या लयीच्या आजाराचे निदान झाले आहे. अहवालात पोटॅशियमच्या चॅनेलमधील जनुकीय दोष असे लिहिले आहे. तो दोष या चेतापेशींतल्या चॅनेलमध्येच असतो का?

शेवंती

नाही, आणि ही गल्लत वैद्यकीय विद्यार्थीही करतात, कारण नावे फसवी आहेत. तुमच्या आतेभावाचा दोष हृदयाच्या स्नायुपेशींतल्या चॅनेलमध्ये असणार. तिथे प्रत्येक ठोक्यानंतर विद्युतदाब खाली आणण्याचे काम मुख्यतः दोन चॅनेल करतात. एकाचे जनुक केसीएनक्यू-१ आणि दुसऱ्याचे केसीएनएच-२, ज्याला ‘हर्ग’ असेही म्हणतात. यांपैकी एक मंदावला की ईसीजीवरचे क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्याची विद्युत-लहर सुरू होऊन पूर्वपदावर येईपर्यंतचा वेळ, लांबते. चेतापेशींतला एम प्रवाह मात्र केसीएनक्यू-२ आणि ३ या भावंडांचा आहे. त्यांत दोष असेल तर नवजात बालकाला झटके येतात, क्यूटी लांबत नाही. आडनाव एक, घरे वेगळी.

‘हर्ग’चे मूळ नाव मोठे मौजेचे आहे. त्याच्याशी साम्य असलेल्या जनुकात बिघाड असलेल्या माश्या इथरने गुंगी आणल्यावर पाय थरथरवत नाचल्यासारख्या करत, म्हणून त्यांना साठच्या दशकातल्या नाचघरांवरून ‘इथर-अ-गो-गो’ म्हटले गेले. १९९५ मध्ये त्याच्या मानवी भावंडातील दोषाने लाँग क्यूटी होते हे कळल्यावर थट्टेतले हे नाव औषध कंपन्यांच्या उरात धडकी भरवू लागले. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीवरचे आणि सिसाप्राइड हे पोटाच्या तक्रारींवरचे औषध, दोन्ही याच चॅनेलला बुजवतात असे दिसून आले आणि ती अनेक देशांत बाजारातून गेली. आज कोणतेही नवे औषध माणसाला देण्याआधी ते ‘हर्ग’ला त्रास देते का, हे तपासावे लागते. तुमच्या आतेभावाने कोणतेही औषध, साधे प्रतिजैविकसुद्धा, आपले निदान सांगितल्याशिवाय घेऊ नये.

चेतापेशींचा संबंध इथेही येतोच, मात्र वेगळ्या दाराने. केसीएनक्यू-१ मधल्या दोषात लय बिघडण्याचा झटका बहुधा व्यायामात, विशेषतः पोहताना येतो, आणि ‘हर्ग’मधल्या दोषात अचानक झालेल्या आवाजाने, उदाहरणार्थ पहाटेच्या गजराने. दोन्ही वेळा अनुकंपी चेतातंतू उसळतात आणि आधीच मंद असलेल्या चॅनेलवर ताण येतो. म्हणून अनुकंपी चेतातंतूंचा हृदयावरचा जोर कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधे देतात. ज्यांना ते पुरत नाहीत, त्यांच्या बाबतीत मानेच्या तळाशी असलेल्या डाव्या अनुकंपी गुच्छिकेचा खालचा भाग आणि त्याखालच्या काही गुच्छिका शस्त्रक्रियेने काढतात. दोष स्नायूत असतो, पण कात्री चालते चेतापेशींवर.

दुपारची_वेळ

एक शेवटची शंका विचारते. एकच अ‍ॅसिटिलकोलीन एका जागी दार उघडते आणि दुसऱ्या जागी लावते, हे रेणूंच्या पातळीवर कसे जमते? आणि आपण बेडकाचा उल्लेख केलात, पण ऑटो लोवी यांचा प्रसिद्ध प्रयोग सांगितला नाहीत, तो या विषयातला नव्हे का?

शेवंती

पहिल्याचे उत्तर ग्राहींमध्ये आहे. सायनस नोडवरच्या एम-२ ग्राहीला जोडलेल्या जी-प्रथिनाचा (ग्राहीचा निरोप पुढे पोहोचवणाऱ्या प्रथिनाचा) बीटा-गॅमा हा तुकडा सुटा होतो आणि पेशीपटलातच सरकत जाऊन चॅनेलला भेटतो. वाट इतकी जवळची असल्याने व्हेगस चेतवल्यावर पुढच्या एकदोन ठोक्यांतच नाडी मंदावते. चेतापेशीवरच्या एम-१ ग्राहीचे जी-प्रथिन निराळे आहे. ते एका विकराला कामाला लावते आणि ते विकर पेशीपटलातला पीआयपी-२ नावाचा एक स्निग्ध रेणू कापून टाकते. एम चॅनेल उघडा राहण्यासाठी त्या रेणूचा आधार लागतो. आधार गेला की चॅनेल मिटतो, आणि तो रेणू पुन्हा तयार होईपर्यंत मिटलेलाच राहतो. म्हणून नोडवरचा परिणाम झटपट असतो आणि चेतापेशीवरचा संथ, पण रेंगाळणारा.

लोवींचा प्रयोग मी मुद्दाम शेवटाला ठेवला होता. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे त्यांनी दोन बेडकांची हृदये घेतली, पहिल्याचा व्हेगस चेतवून ते मंदावले, त्याच्यातले द्रावण काढून दुसऱ्या हृदयात घातले आणि दुसरेही मंदावले. १९२१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. व्हेगसमधून काहीतरी पदार्थ सुटतो असे मानून त्यांनी त्याला ‘व्हेगस-पदार्थ’ म्हटले. तो अ‍ॅसिटिलकोलीन ठरला आणि १९३६ मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळाले.

पण आता निकोटिनचे ते प्रात्यक्षिक पुन्हा आठवून पाहा. बेडकाचा व्हेगस रेमाकच्या गुच्छिकेतल्या पेशींवर संपतो, आणि सायनस व अलिंदांत पसरलेली टोके त्या पेशींची असतात. त्यामुळे लोवींनी पिपेटने उचललेल्या द्रावणातले बहुतेक अ‍ॅसिटिलकोलीन व्हेगसचे नव्हतेच, ते हृदयातल्या चेतापेशींनी सोडलेले होते. नाव मात्र व्हेगसचे पडले, आणि माझे विद्यार्थी व्हेगस सायनस नोडवर संपतो असे आजही लिहितात.